शिट्टी न वाजवणारा कोच

सेंट क्लाऊड, मिनेसोटा

प्रिय बाळ,

तू कॉलेजच्या मुलींच्या फुटबॉल टीमची कोच झालीस आणि परवा फोनवर विचारलंस, "बाबा, पोरी ऐकत नाहीत, धाक कसा बसवू?" मागोमाग हेही सांगितलंस की, पहिल्या महिन्यात दोन-चार जणींना रडवल्याशिवाय टीम बांधली जात नाही, असा सल्ला तुला तिथल्या ज्येष्ठ सरांकडून मिळालाय. शिवाय चाचणीला येणाऱ्या चाळीस मुलींपैकी निम्म्या लगेच काढून टाकायच्या, म्हणजे उरलेल्या सरळ होतात. आवाज तुटत होता म्हणून तेव्हा बोलणं अर्धवट राहिलं. मला या दोन्ही गोष्टी पटलेल्या नाहीत. का पटल्या नाहीत ते तुला एका कोचच्या कामावरून सांगतो. तो मी राहतो तिथून अर्ध्या तासाच्या आतल्या एका कॉलेजात साठ हंगाम कोच होता. त्याचं नाव जॉन गलार्डी.

आधी एवढं लक्षात घे, की इकडचा फुटबॉल तुझा फुटबॉल नव्हे. चेंडू लांबट, तो हातात धरून पळायचं. अकरा विरुद्ध अकरा. चेंडू घेऊन पळणाऱ्याला अंगावर झेप घेऊन जमिनीवर पाडायचं, त्याला टॅकल म्हणतात. पाडलं की खेळ थांबतो, परत समोरासमोर रांगा लागतात आणि पुढची ठरवलेली चाल खेळली जाते. अंगाला अंग भिडतं, डोक्याला डोकं भिडतं, म्हणून हेल्मेट आणि खांद्यांवर पॅड. मोठ्या विद्यापीठांत या खेळाचं वेड आपल्या कोल्हापूरच्या पेठांमध्ये आहे तसलंच, पण पैसा विचारू नकोस. लाखभर लोक बसतील अशी स्टेडियम आहेत, आणि कित्येक राज्यांत सरकारी पगार घेणाऱ्यांत सगळ्यात जास्त पगार विद्यापीठाच्या फुटबॉल कोचला असतो. गलार्डी त्या जगातला नव्हता. कॉलेजविलचं सेंट जॉन्स हे बेनेडिक्टाइन या ख्रिस्ती पंथाच्या साधूंनी चालवलेलं, फक्त मुलांचं छोटं कॉलेज. ते तिसऱ्या डिव्हिजनमध्ये, म्हणजे लहान कॉलेजांच्या गटात, खेळतं आणि तिथे खेळासाठी शिष्यवृत्ती देताच येत नाही. पोरं शिकायला येतात आणि आवडतं म्हणून खेळतात. तुझ्या पोरींसारखीच.

आता आकडे सांगतो. आपल्याकडे पहिला प्रश्न तोच असतो, की हे सगळं ठीक, पण जिंकला का? 489 सामने जिंकले, 138 हरले, 11 बरोबरीत सुटले. अमेरिकन कॉलेज फुटबॉलमध्ये एवढे विजय कुठल्याच कोचच्या नावावर नाहीत. 1963 आणि 1965 साली एका राष्ट्रीय संघटनेचं अजिंक्यपद, मग 1976 आणि 2003 साली तिसऱ्या डिव्हिजनचं. 2006 साली कॉलेज फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये त्याला घेतलं. तिसऱ्या डिव्हिजनमधल्या सर्वोत्तम खेळाडूला दर वर्षी मिळणारी ट्रॉफी 1993 पासून त्याच्याच नावाची आहे, तेव्हा तो स्वतः अजून मैदानावर उभा होता.

या माणसाची सुरुवात मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. कोलोरॅडोतलं ट्रिनिडाड हे कोळसा खाणींचं गाव, वडील इटलीहून आलेले. 1943 साली जॉन सोळा वर्षांचा, शाळेच्या टीममध्ये खेळणारा. दुसरं महायुद्ध चालू होतं, शाळेच्या कोचला सैन्यात बोलावणं आलं आणि शाळेने टीमच बंद करायचं ठरवलं. हा पोरगा गेला आणि म्हणाला, मी शिकवतो, टीम बंद करू नका. त्यांनी ऐकलं. बघ, त्याच्या हातात टीम आली तेव्हा तो स्वतः खेळाडू होता. सरावात काय नकोसं होतं हे त्याला पुस्तकातून कळायची गरज नव्हती, कालच अंगावर झेललेलं होतं. त्या काळी सरावात पाणी पिऊ देत नसत, पाण्याने माणूस मऊ पडतो असा समज. त्याने पाणी सुरू केलं. दमून पडेपर्यंतची कवायत बंद केली. एकमेकांवर आदळायचे व्यायाम बंद केले. त्याऐवजी सामन्यात ज्या चाली खेळायच्या त्या घोटून घोटून पक्क्या केल्या. टीम जिंकायला लागली.

पुढे शिक्षण घेता घेता तो शाळांच्या टीम सांभाळत राहिला. मग मोंटाना राज्यातल्या हेलेनाच्या कॅरोल कॉलेजात चार वर्षं, आणि 1953 साली, सव्वीसाव्या वर्षी, सेंट जॉन्स. त्याच्या आधीचा कोच होता जॉनी मॅकनॅली, व्यावसायिक फुटबॉलमधलं मोठं नाव. त्याने जाता जाता सांगितलं होतं की या कॉलेजात कुणीही जिंकू शकणार नाही. पहिल्याच हंगामात गलार्डीच्या पोरांनी लीगच्या अजिंक्यपदात वाटा मिळवला. त्यानंतर 2012 पर्यंत तो तिथून हलला नाही.

आता त्याचा सराव कसा चालायचा ते नीट वाच, कारण तुझ्या उपयोगाचं हेच आहे. माझ्या ऑफिसात एक गृहस्थ आहेत, ऐंशीच्या दशकात ते त्याच्या टीममध्ये होते. जेवणाच्या सुट्टीत मी त्यांना खोदून खोदून विचारत असतो. गलार्डीच्या हातात शिट्टी नसायची. सराव दीड तासाच्या वर जायचा नाही. मैदानाला फेऱ्या मारायची शिक्षा नाही. पोरांना तोडून बोलायचं नाही, ओरडायचं नाही. जो येईल तो टीममध्ये, कुणाला काढायचं नाही, त्यामुळे दीडशेच्या वर पोरं एका टीमच्या जर्सीत असायची. हंगाम नसताना सक्तीची वजनं उचलणं नाही. त्याला 'कोच' म्हटलेलं चालत नसे, सगळ्यांनी 'जॉन' म्हणायचं. या गृहस्थांना पहिल्या दिवशी ते जडच गेलं होतं.

आणि एक त्याचा फार गाजलेला व्यायाम. इतर टीम ज्या वेळेत घाम गाळत जोर-बैठका काढायच्या त्या वेळेत याची पोरं गवतावर उताणी पडायची, शेजाऱ्याकडे मान वळवायची आणि म्हणायची, "काय छान दिवस आहे ना?" संपला व्यायाम. मला हे ऐकून आधी गंमत वाटली, मग पटलं. मिनेसोटात नोव्हेंबर लागला की मैदानावर बोटं बधिर होतात. अशा ठिकाणी पोरगं रोज दुपारी आनंदाने मैदानावर यावं ही साधी गोष्ट नाही.

पण हे वाचून तो ढिला होता असं समजू नकोस. उरलेल्या वेळात काय चालायचं ते या गृहस्थांनी मला डब्याची झाकणं टेबलावर मांडून दाखवलं. एक चाल घ्यायची. अकरा जण जागेवर. चाल खेळायची, पण पाडापाडी नाही, शेवटच्या क्षणी थांबायचं. एकाचं पाऊल चुकीच्या दिशेला पडलं तर जॉन जवळ येऊन शांतपणे सांगायचा की तू इथे नाही, तिथे हवा होतास, का ते असं. मग तीच चाल पुन्हा, आणि पुन्हा. चूक राहिली तर पुन्हा. आवाज चढायचा नाही आणि चूक सुटायचीही नाही. ते म्हणतात, शनिवारी सामन्यात चाल सुरू झाली की विचार करावाच लागायचा नाही, पाय आपोआप जागेवर जायचे. शिट्टी आणि शिव्यांमधला वेळ वाचला तो त्याने इथे घातला. तुझ्या हातात आठवड्याला मैदानाचे किती तास आहेत ते बघ, आणि त्यातले किती पळवण्यात आणि झापण्यात जातात तेही बघ.

सरावात टॅकल नाही, हा त्याचा सगळ्यात मोठा निर्णय. लोक म्हणायचे, सरावात पाडायला शिकला नाही तो सामन्यात काय पाडणार? याचं म्हणणं साधं होतं, सराव करताना जखमी झालेला खेळाडू शनिवारी खेळू शकत नाही. डोक्याला बसणाऱ्या धक्क्यांचं पुढे मेंदूवर काय होतं याचा गाजावाजा तेव्हा झालाच नव्हता. ती चर्चा फार नंतरची. डार्टमथ विद्यापीठात बडी टीव्हन्स या कोचने 2010 साली सरावातलं टॅकलिंग बंद केलं, आणि 2016 साली आयव्ही लीगमधल्या, म्हणजे डार्टमथसारख्या आठ नामवंत विद्यापीठांच्या, सगळ्या कोचांनी मिळून हंगामातल्या सरावात ते बंद करायचं ठरवलं. देशभर बातमी झाली. कॉलेजविलमध्ये ते कधीचंच चालू होतं. तुझ्या खेळात टॅकल वेगळं, पण गुडघे तेच आहेत. चाचणीत कडक पृष्ठभागावर जोरात भिडायला लावून कोण 'जिगरवाली' ते बघायची पद्धत मी कोल्हापुरात पाहिलेली आहे. ते तू करू नयेस असं मला मनापासून वाटतं.

2003 सालाबद्दल थोडं सांगतो. त्याआधी सर्वाधिक विजयांचा मान होता एडी रॉबिन्सन यांचा. लुईझियानातल्या ग्रँब्लिंग कॉलेजचे कोच, 1941 ते 1997, 408 विजय. त्यांच्यावर खरं तर वेगळं पत्र लिहायला हवं. दक्षिणेत काळ्या मुलांना गोऱ्यांच्या विद्यापीठात प्रवेश नव्हता त्या काळात त्यांनी एका लहानशा कॉलेजातून दोनशेहून जास्त खेळाडू व्यावसायिक फुटबॉलमध्ये पाठवले. त्यांच्या आकड्यापुढे जाणं ही छोटी गोष्ट नव्हती. 8 नोव्हेंबर 2003 ला सेंट जॉन्सच्या मैदानावर बेथेल कॉलेजविरुद्धचा सामना 29-26 असा सुटला आणि गलार्डीचा 409 वा विजय झाला. तेव्हा तो 77 वर्षांचा होता. लोकांना वाटलं, आता गोष्ट संपली. पण डिसेंबरमध्ये ही टीम अंतिम सामन्याला गेली. समोर माउंट युनियन कॉलेज, जे सलग 55 सामने हरलेच नव्हते. निकाल 24-6, सेंट जॉन्सच्या बाजूने.

ते मैदान मी बघून आलोय. क्लेमेन्स स्टेडियम म्हणतात. जमिनीच्या खोलगट भागात वसलेलं, सगळीकडून झाडी. ऑक्टोबरात पानं लालपिवळी झालेली असतात, आणि उतारावर लोक घोंगड्या टाकून बसतात. त्याच्या पलीकडे मठाचं चर्च, समोर काँक्रीटचा उभा भव्य फलक आणि त्यात घंटा. एवढ्याशा जागेत हे सगळं घडलं. तुझ्या कॉलेजचं मैदान उताराचं आहे, एका बाजूला पाणी साचतं, असं तू म्हणतेस. साचू दे.

आता जिथे मला सावध राहावंसं वाटतं तेही लिहितो, नाहीतर तू म्हणशील बाबा भारावून गेलेत. पहिलं म्हणजे तुला मुलींनी नावाने हाक मारायची गरज नाही. इकडे ते चालतं, आपल्याकडे 'मॅडम' म्हणण्यात अंतर असतंच असं नाही आणि 'ताई' म्हणाल्या तर उत्तमच. दुसरं, त्याच्याकडे येणारी मुलं बहुतेक शाळेत भरपूर खेळून आलेली असायची, मूळ पाया तयार. तुझ्याकडे काही जणी पहिल्यांदाच बूट घालणाऱ्या आहेत, त्यांना दमसासही लागेल आणि पळायलाही लागेल. तेव्हा कवायत सरसकट बंद करू नकोस, ती चेंडूसकट करून घे. आणि तिसरं, त्याचे शेवटचे हंगाम तसे यथातथाच गेले. सगळं कायम जमतच राहतं असं नाही, त्याचंही राहिलं नाही. तरी 2018 साली 91 व्या वर्षी तो गेला तेव्हा वय झालेली माणसंसुद्धा त्याला 'जॉन' म्हणूनच आठवत होती. माझ्या ऑफिसातल्या या गृहस्थांनी तो सराव सोडून चाळीस वर्षं होत आली, तरी चाल समजावताना त्यांचे पाय टेबलाखाली हलत होते.

म्हणून त्या चाळीस जणींबद्दल. विद्यापीठाच्या झोनलला, म्हणजे विभागीय स्पर्धेला, नावं ठरावीकच पाठवता येतात, हे मला माहीत आहे. यादी पाठव. पण यादीत नाही म्हणून मैदानावरून घालवू नकोस. त्यांना सरावाला येऊ दे, दुसरी फळी म्हणून पहिलीविरुद्ध खेळव. समोर अकरा जणी उभ्या असल्याशिवाय तुला चाली घोटता येणारच नाहीत, हा तुझाही फायदा. आणि जी पोरगी गडहिंग्लजहून एसटीने येते आणि घरी खोटं सांगून खेळते असं तू म्हणालीस, तिला तू पहिल्याच महिन्यात काढलंस तर ती कॉलेजात येईल, पण मैदानावर परत येणार नाही. तिच्या घरी तू स्वतः एकदा जाऊन ये. आईला बरोबर ने, तिला अशी बोलणी माझ्यापेक्षा छान जमतात.

ज्येष्ठ सरांशी वाद घालू नकोस. त्यांनी त्या मैदानावर आयुष्य घातलंय. त्यांना एवढंच सांग की मला हा एक हंगाम माझ्या पद्धतीने करून बघू द्या, आणि गोलकीपरना शिकवायला त्यांनाच बोलाव, त्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही.

सोमवारी तुझी चाचणी आहे. कोणती चाल आधी बसवणार आहेस ते कागदावर काढून फोटो पाठव. मी जेवणाच्या सुट्टीत इथे डब्याच्या झाकणांवर मांडून बघतो, आणि हे गृहस्थ काय म्हणतात ते रात्री कळवतो.

तुझा,
बाबा