तुम्ही माझं पाणी बदललंत

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

तुमचं नाव मला ठाऊक नाही. मेणवलीच्या घाटावर आपण तीन तास शेजारी बसलो आणि निघताना नाव विचारायचंच राहून गेलं. म्हणून हे असं उघड पत्र. पांढरी टोपी, घडीचं स्टूल, डाव्या गुडघ्याला पट्टा. वाचणाऱ्यांपैकी कुणाला ओळख पटली, तर कृपा करून त्यांच्यापर्यंत हे पोचवा.

त्या दिवशी मी आयुष्यात पहिल्यांदा घराबाहेर चित्र काढायला बसले होते. वय वर्षं छपन्न. त्याआधीचे आठ महिने स्वयंपाकघराच्या ओट्यावर, रात्रीची भांडी आवरली की कागद पसरायचे. घरात कुणाची आडकाठी नव्हती, पण कुणी बघतही नव्हतं.

काका, हे तुम्हाला सांगायलाच हवं. आठवीत मला चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेला बसायचं होतं. चित्रकलेच्या सरांनी माझं स्मरणचित्र वर्गासमोर उंच धरून विचारलं, “ही माणसं आहेत की पोती?” सगळा वर्ग हसला. मी फॉर्म भरलाच नाही. पुढची चाळीस वर्षं रांगोळी सोडली तर रंगाला हात लावला नाही. आणि एवढ्या वर्षांनी धीर करून एका क्लासमध्ये चौकशीला गेले, तर तिथल्या सरांनी माझी वही न उघडताच परत दिली. म्हणाले, “मॅडम, तुमच्यासाठी दुपारची बॅच आहे ना, छान टाइमपास होतो.” मला वेळ घालवायचा नव्हता हो. माझ्याकडे वेळ उरलाय किती, याचीच तर घाई होती. निदान वही उघडायची होती त्यांनी. अजून आठवलं की जीव जळतो.

तर मेणवली. नाना फडणवीसांच्या वाड्यामागचा तो कृष्णेचा घाट, काळ्या दगडाच्या पायऱ्या आणि ते घंटेचं छोटं देऊळ. चिमाजी अप्पांच्या वसईच्या मोहिमेनंतर इकडे आलेली ती पोर्तुगीज घंटा, तिच्यावर १७०७ साल आहे. मला ती घंटाच काढायची होती, पण आधी आकाश भरायला घेतलं आणि तिथेच फसले. जलरंगात आकाश एका दमात उतरवावं लागतं. कागद ओला आहे तोवरच रंग रंगात मिसळतो. मध्येच उठलं की कडा वाळते आणि ती रेघ काही केल्या जात नाही. माझं निम्मं आकाश झालं होतं आणि डब्यातलं पाणी पार गढूळ. निळ्यात ब्रश बुडवला की राखाडी उतरायचं. नदी वीसेक पायऱ्या खाली. उठावं तर आकाश जातं, बसावं तर रंग मळतो.

तुम्ही काही विचारलं नाहीत. स्वतःचा ब्रश टोपीत खोचलात, माझा डबा उचललात आणि तो दुखरा गुडघा घेऊन, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत खाली गेलात. शेवाळलेल्या पायरीवर तुमचा हात भिंतीला गेला ते मी पाहिलं. वर येऊन डबा माझ्या उजव्या हाताशी ठेवलात आणि म्हणालात, “आकाश थांबत नाही, तुम्ही चालू द्या.” बस्स. तुमच्या स्वतःच्या कागदावरचा वॉश, तो ओल्या रंगाचा पातळ थर, तेवढ्यात वाळून गेला होता.

काका, लग्न होऊन घरात आल्यापासून आल्यागेल्याला पाण्याचा तांब्या मी नेऊन दिलाय. माझं काम अडू नये म्हणून कुणी माझ्यासाठी पाणी आणायला उठल्याचं मला आठवत नाही. मी मान खाली घालून रंगवत राहिले, कारण वर बघितलं असतं तर रडू आलं असतं.

आता लोक मला रवींद्रनाथांचं उदाहरण देतात. साठी उलटल्यावर ते मनापासून चित्रांकडे वळले आणि १९३० साली पॅरिसमध्ये त्यांच्या चित्रांचं पहिलं प्रदर्शन भरलं. ऐकायला बरं वाटतं. पण ते रवींद्रनाथ होते. मला धीर आला तो तुमच्यामुळे. तुम्ही माझ्या चित्राला चांगलं म्हणाला नाहीत, वाईटही म्हणाला नाहीत. शेजारी बसलेल्या चित्रकाराचं जे करायचं ते केलंत. त्या क्षणापर्यंत मला कुणी चित्रकार धरलं नव्हतं. मी स्वतःही नाही.

एसटीत उभ्या बाईचं मूल अनोळखी मांडीवर घेणारी माणसं असतात, तसे तुम्ही. अशा माणसांना आपण काही फार मोठं केलं असं वाटतच नाही, आणि म्हणून त्यांचे आभार राहून जातात. माझे राहू नयेत.

त्या दिवसानंतर मी बावन्न चित्रं केली. घाटाचं ते पहिलं चित्र फ्रेम केलेलं नाही. आकाशात उजवीकडे थोडा राखाडीपणा राहिलाय, डबा बदलण्याआधीचा. तिथून पुढे निळं स्वच्छ आहे. ते तुमच्यासाठी ठेवलंय. महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी सातपासून मी घाटावर असते, घंटेच्या देवळाजवळ, त्याच पायरीवर. दोन डबे आणते. खाली उतरायचं काम आता माझं.

तुमची,
घाटावरची शेजारीण