आई-बाबांना, अधिक महिन्यातलं पत्र

प्रिय आई-बाबा,
सा. न.

परवा ऑफिसात डबा खाताना एक मैत्रीण म्हणाली, तुझे बाबा आर्मीत म्हणजे लहानपणी तुला वडील मिळालेच नसतील ना गं. मी तिथल्या तिथे नाही म्हटलं, पण नीट सांगता आलं नाही, मीटिंगची वेळ झाली आणि उठावं लागलं. मग रात्री झोपच येईना. म्हणून जे तिला सांगायचं होतं ते तुम्हालाच लिहितेय. फोनवर असलं काही बोलायला घेतलं की बाबा तुम्ही "बरं बरं, घे, आईशी बोल" म्हणता आणि विषय संपतो.

बाबा, तुम्ही मला आयएमएच्या, म्हणजे डेहराडूनच्या मिलिटरी अकादमीच्या, त्या तीन ओळी पहिल्यांदा सांगितल्यात ना, चेटवुडसाहेबाच्या १९३२ च्या भाषणातल्या, तेव्हा आधी देश, मग तुमच्या हाताखालची माणसं, आणि स्वतःचं सुख सगळ्यात शेवटी, नेहमी आणि प्रत्येक वेळी, हे ऐकून मी लगेच विचारलं होतं की यात आम्ही कुठे आहोत? तुम्ही म्हणालात, "तुम्ही माझ्यातच." आणि आई स्वयंपाकघरातून म्हणाली, म्हणजे आपण पण शेवटच्या ओळीत, चल, ट्रंका भरायला घे. तेव्हा पोस्टिंग आली होती आणि काळ्या ट्रंकांवर नवीन पत्ता रंगवायचं काम चालू होतं. मला अजून वाटतं की आपल्या घराचं सगळं त्या एका उत्तरात आहे. तुम्ही आम्हाला यादीतून वगळलं नव्हतं, स्वतःसोबत धरलं होतं.

आणि तुमचा विठोबा. आर्टिलरीचा ऑफिसर आणि गळ्यात तुळशीची माळ, मेसमधे टोस्टला पाण्याचा ग्लास, मटणाच्या पार्टीत वरणभात. कोणी हसलं तरी तुम्ही चिडला नाहीत आणि कोणाला उपदेशही केला नाहीत. उलट रविवारी मंदिर परेडला जितक्या भक्तीने उभे राहायचात तितक्याच भक्तीने तुमच्या शीख बॅटरीच्या, म्हणजे तोफांच्या तुकडीच्या, गुरुद्वारात डोक्याला रुमाल बांधून बसायचात. मी एकदा विचारलं तर म्हणालात, ज्या माणसांना मी उद्या पुढे पाठवणार त्यांचा देव माझा देव नसेल तर मी त्यांचा कमांडर कसला. तुकोबा-ज्ञानोबांचं ऐकून मोठं झालेल्या माणसाला हे शिकवावं लागलं नसेल. मला मात्र धर्म म्हणजे काय ते तिथे लंगरमधे तुमच्या शेजारी मांडी घालून बसल्यावर कळलं.

फील्डला, म्हणजे सीमेवर, असलात की घरी संध्याकाळी सातला आई दिवा लावायची आणि आम्ही हरिपाठ म्हणायचो, कारण तिकडे बाबा पण आत्ता म्हणत असतील. रोजची ती वीसेक मिनिटं तुम्ही घरात असायचात, मैत्रिणीला हेच सांगायचं होतं. नंतर कधीतरी तुम्ही सांगितलंत की द्रासला सातला फायरिंग चालू असायचं, हरिपाठ रात्री दोन-तीनला बंकरमधे व्हायचा, कधी अर्धाच. आईला ते आधीपासून माहीत होतं म्हणे! तरी आमच्यासाठी तिने सातची वेळ मोडली नाही.

१९९९ ला, कारगिलच्या लढाईच्या वर्षी, पण अधिक ज्येष्ठच होता, यंदासारखा. आपण देवळालीच्या क्वार्टरमधे, तुम्ही रेजिमेंट घेऊन द्रासला. टीव्हीवर बोफोर्स तोफ दिसली की मी स्क्रीनला नाक लावून तुम्हाला शोधायचे. आणि पंचवटीत आजीने तांदूळ भिजत घातले. आई म्हणाली, जावईच नाही तर वाण कुणाला देणार, तर आजी म्हणे जावई सीमेवर आहे म्हणून माझा अधिक महिना चुकायचा नाही. ३३ अनारसे तुपात तळले, डब्यात वर्तमानपत्र घालून भरले, कापडात शिवले आणि वर ५६ एपीओचा, म्हणजे फौजी टपालाचा, पत्ता मी घातला, माझं अक्षर चांगलं म्हणून. १३ जूनला आपल्या सैन्याने तोलोलिंगचं शिखर घेतलं त्या दिवशी अमावास्या होती, अधिक महिना संपला, आजी बातम्या बघून देवापुढे बसली ती उठेचना. पार्सल तुम्हाला महिना संपल्यावर मिळालं. तुमचं पत्र आलं की एक सुद्धा अनारसा मी खाल्ला नाही, तुकडे करून गन पोझिशनवर वाटले, पंजाबचा एक हवालदार विचारत होता साब ये जाळीवाली मिठाई किसने भेजी, मी सांगितलं सास ने. आजीने ते पत्र शेवटपर्यंत देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवलं होतं.

त्या लढाईत आपल्या तोफखान्याने अडीच लाखांवर गोळे, बॉम्ब आणि रॉकेट्स डागली असं मी मोठी झाल्यावर वाचलं. तुम्ही आकड्यांबद्दल कधी बोलला नाहीत. तुम्ही बोललात ते फक्त रेजिमेंटमधल्या गेलेल्या मुलांबद्दल, त्यांच्या घरी लिहिलेल्या पत्रांबद्दल, ते पण एकदाच. २०२२ मधे द्रासच्या पॉइंट ५१४० शिखराला तोफखान्याच्या सन्मानार्थ गन हिल नाव दिलं त्या दिवशी तुमचा फोन आला होता, तुमचा स्वतःहून, आणि तुम्ही नुसतं म्हणालात "पोरांची आठवण ठेवली बघ."

आई, तुझ्याबद्दल वेगळं लिहायला पाहिजे. सीओची, रेजिमेंटच्या कमांडिंग ऑफिसरची, बायको म्हणून तुला लोक मॅडम म्हणायचे, पण त्या दिवसांत तू सकाळी निघायचीस ते जवानांच्या क्वार्टर्समधून फिरत, कोणाचं बाळंतपण, कोणाची मनीऑर्डर, कोणाला हिंदी येत नाही. वाईट बातमी आली की सगळ्यात आधी त्या दारात तू उभी असायचीस. घरी येऊन हातपाय धुवून पोळ्या लाटायचीस आणि आम्हाला काहीच कळू द्यायची नाहीस. बाबांना मेडल मिळालं, तुला काही नाही मिळालं, याचं मला अजून वाईट वाटतं, तू काहीही म्हण.

आणि आता बाबा तुमच्याशी थोडं भांडायचंय. रिटायर होऊन इतकी वर्षं झाली तरी तुम्ही शेवटच्याच ओळीत. ईसीएचएसला, माजी सैनिकांच्या दवाखान्यात, गुडघा दाखवायला जाता आणि आपला नंबर कुणा म्हाताऱ्या जवानाच्या बायकोला देऊन परत येता. नोव्हेंबर आला की भगूर ते नाशिकरोड सगळ्यांचे हयातीचे दाखले पेन्शनच्या 'स्पर्श' पोर्टलवर तुम्हीच भरून देता, तासन् तास वाकून मोबाईलवर. करा, ते तुमचं कामच आहे, मी थांबवणार नाही. पण निज ज्येष्ठात निवृत्तीनाथांच्या पालखीबरोबर त्र्यंबकेश्वरहून थेट पंढरपूरपर्यंत चालणार म्हणताय, आई सांगत होती. अडुसष्ट वर्षांचा गुडघा आहे तो बाबा.

जाऊ नका असं मी म्हणत नाही, ते म्हणणं माझ्याच्याने होणारही नाही. सर्व्हिसमधे किती वाऱ्या हुकल्या ते मला माहीत आहे. फक्त आधी हाडांच्या डॉक्टरला दाखवा, आणि यावेळी नंबर कुणाला द्यायचा नाही. मी सुट्टी टाकलीय, सातपूरला पालखीत येते आणि सिन्नरपर्यंत तुमच्याबरोबर चालते, तिथे गुडघा कसा आहे बघून पुढचं ठरवू. पुढे चालायचं की ट्रकमधे बसायचं हे डॉक्टर सांगतील तसं, आणि ट्रकमधे बसलात तरी वारी ती वारीच. आई, तू गाडीने नाशिकला ये, पिठलं-भाकरी करून आण दिंडीतल्या लोकांना पुरेल एवढी, मी आले की भाकऱ्या थापायला आहेच.

जावयाला यंदा वाण पाठवू नका, तो येतोय माझ्याबरोबर, अधिक महिना संपलेला असला तरी तिथेच द्या. डॉक्टरची अपॉइंटमेंट कधीची मिळाली ते उद्याच कळवा.

तुमची,
मनू