डबी, मणी आणि बेरीज

प्रिय सुमा,

पहिलीची मुलं ५ + ३ साठीसुद्धा बोटं उघडतात, म्हणून तू काळजीत आहेस. बोटं मिटायला लावू नकोस गं. त्या बोटांवर मूल नेमकं काय करतंय, ते आधी पाहा.

पाच बोटं मोजली, मग तीन मोजली आणि पुन्हा एकपासून आठपर्यंत गेलं, तर ते मूल अजून सगळं मोजण्याच्या पायरीवर आहे. पुढची पायरी म्हणजे पहिली संख्या मनात धरून तिथून पुढे मोजणं. त्यासाठी मोजणी मधूनच सुरू करता यायला हवी. सातच्या पुढे काय, असं विचारलं की पुष्कळ मुलं एकपासून म्हणत येतात. तेव्हा रोज दोन मिनिटं ‘सहाच्या पुढे म्हण’, ‘नऊच्या पुढे म्हण’ एवढंच घे.

मग डबी काढ. आठ मणी मुलाकडूनच मोजून आत टाकून घे, झाकण लाव, बाहेर तीन ठेव. मुलानं झाकणावर हात ठेवून ‘आठ’ म्हणायचं आणि बाहेरच्या एकेका मण्याला बोट लावत ‘नऊ, दहा, अकरा’. इथे एक चूक हमखास होते. बाहेरच्या पहिल्याच मण्याला ‘आठ’ म्हटलं जातं आणि उत्तर येतं दहा. उत्तर असं एकाने कमी आलं, तर अंक कच्चे आहेत असं समजू नकोस. आठवा मणी डबीत की बाहेर, एवढाच त्याचा गोंधळ आहे. झाकण उघड, ‘आठवा कुठे आहे?’ विचार, पुन्हा झाक. डबी पारदर्शक मात्र नको. मणी दिसले की मूल परत एकपासून सुरू करतं.

२ + ९ आलं की डबीत कोणती संख्या टाकायची, ते मुलांनाच ठरवू दे. दोन टाकून नऊ मोजायचा कंटाळा आला की मोठी संख्या आपोआप आत जाते.

दहा ओलांडायची घाई करू नकोस, हे मी अगदी आग्रहाने सांगते. ९ आणि १, ८ आणि २, ७ आणि ३ अशा दहाच्या जोड्या आधी न अडखळता यायला हव्यात. मग कागदावर पाच-पाच घरांच्या दोन ओळी आख. ८ + ५ साठी आठ घरांत लाल मणी, बाहेर पाच पिवळे. दोन पिवळे रिकाम्या घरांत गेले की दहा पूर्ण, बाहेर तीन उरले, झाले तेरा. घरं मुलं पटकन भरतात. अडतात ती मणी न वापरता, पाचातून दोन गेल्यावर किती उरले ते सांगताना. म्हणजे पाचाची फोड पक्की नाही. दोन दिवस तीच घे. मणी एकाच रंगाचे असले तर कुठले दोन सरकले ते दिसतच नाही.

त्यात आपले संख्यांचे शब्द. ‘तेरा’मध्ये दहा ऐकू येत नाही, आणि ‘एकोणीस’ तर विसाला एक कमी असं सांगतं. दहात नऊ मिळवले तर विसाचं नाव कुठून आलं, हे मुलाला कसं कळावं? काही आठवडे ‘दहा आणि तीन, तेरा’, ‘दहा आणि नऊ, एकोणीस’ असं जोडीनंच म्हणून घे.

दुपटी मुलांना लवकर येतात. ६ + ६ आलं की ६ + ७ एकाने जास्त, एवढं दाखवलं तरी पुरे.

आणि उत्तर बरोबर असलं तरी ‘कसं काढलंस?’ विचारत जा. बाहेरच्या पहिल्या मण्याला ‘आठ’ म्हणणारी किती मुलं निघतात, ते कळव. मग त्यांच्यासाठी पुढचं लिहिते.

तुझी,
मीरा