कोणते विल्सन?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

प्राप्तिकर दिनानिमित्त आपल्या पुरवणीत आलेला लेख आवडला. पण त्यातलं ‘भारताचा पहिला अर्थसंकल्प मांडणारे आणि मुंबईत कॉलेज काढणारे विल्सन’ हे वाक्य चुकलं आहे. ही दोन वेगवेगळी माणसं. एकाने, म्हणजे जॉन यांनी, कॉलेज काढलं; दुसऱ्याने, म्हणजे जेम्स यांनी, कर बसवला. शिवाय लेखाशेजारी छापलेलं चित्र पहिल्याचं आहे, म्हणजे कर न बसवणाऱ्याचं.

गोंधळ होण्यासारखाच आहे म्हणा. दोघेही स्कॉटलंडच्या दक्षिण सीमेकडचे. जॉन यांचा जन्म लॉडर गावी डिसेंबर १८०४ मधला, तर जेम्स यांचा हॉइक गावी जून १८०५ मधला. वयात सहा महिन्यांचं अंतर. यापुढे मात्र साम्य शोधायला जाऊ नये.

जॉन विल्सन १८२९ साली पत्नी मार्गारेट यांच्यासह मुंबईत उतरले, ते धर्मप्रसारासाठी. आधी मराठी शिकायची म्हणून ते कोकणात हर्णै-बाणकोटला जाऊन राहिले. मार्गारेटबाईंनी आल्या आल्या मुलींच्या शाळा सुरू केल्या आणि सहाच वर्षांत, १८३५ मध्ये, त्या इथेच वारल्या. कॉलेजच्या प्रत्येक गोष्टीत त्यांचं नाव गळतं, आपल्याही लेखात गळलं आहे. जॉन यांनी १८३२ मध्ये शाळा काढली आणि तिचंच पुढे विल्सन कॉलेज झालं. चौपाटीसमोरची देखणी इमारत त्यांनी पाहिली नाही. ते १८७५ मध्ये गेले, इमारत पुरी झाली १८८९ मध्ये.

त्या काळच्या मुंबईकराला हे नाव काही गोड वाटत नसणार. हिंदू धर्माची बाजू मांडणाऱ्या मोरभट दांडेकरांशी त्यांचा जाहीर वाद झाला. मग दांडेकरांनी पुस्तक लिहिलं, त्यावर विल्सननी खंडनाचं पुस्तक लिहिलं. १८३९ मध्ये त्यांच्या शाळेतल्या दोन पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला. प्रकरण कोर्टात गेलं आणि पारशी आईबापांनी आपली मुलं शाळेतून काढून घेतली. १८४३ चं शेषाद्री बंधूंच्या धर्मांतराचं प्रकरणही याच मिशनमधलं. धाकटा श्रीपत अल्पवयीन ठरून बापाच्या ताब्यात परत आला, तेव्हा त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत घ्यावं म्हणून बाळशास्त्री जांभेकर उभे राहिले आणि सनातन्यांचा रोष त्यांनी ओढवून घेतला.

आणि याच गृहस्थांनी मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या १८५७ च्या आवृत्तीला मराठी भाषेवरचं विवेचन जोडलं आहे. गिरनारच्या अशोकलेखाची नक्कल मिळवून ती कलकत्त्याला, ब्राह्मी लिपी उलगडणाऱ्या प्रिन्सेप यांच्याकडे पाठवली तीही यांनीच. १८६८ मध्ये मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले. धर्मांतराचा राग मनात ठेवूनही हे मान्य करावं लागतं, आणि हे मान्य केलं म्हणून तो राग सोडायला हवा असंही नाही.

त्यांच्याविषयीची एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. आफ्रिकेत फिरणारे डेव्हिड लिव्हिंग्स्टन १८६४ मध्ये मुंबईला आले, तेव्हा बरोबर आणलेले चुमा आणि विकतानी हे दोन आफ्रिकी मुलगे त्यांनी विल्सन यांच्या मिशन शाळेत ठेवले. पुढे नव्या मोहिमेवर निघताना लिव्हिंग्स्टन दोघांना घेऊन गेले. १८७३ मध्ये लिव्हिंग्स्टन आफ्रिकेच्या आत दूरवर वारले, तेव्हा त्यांचा देह शेकडो मैल वाहून किनाऱ्यापर्यंत आणणाऱ्यांत चुमा पुढे होता. त्याच तुकडीत आपल्या नाशिकजवळच्या शरणपूरच्या मिशनमध्ये शिकलेला जेकब वेनराइटही होता. हा विषय एका स्वतंत्र लेखाचा आहे. कुणाकडून तरी लिहून घ्या.

आता कर बसवणारे. जेम्स विल्सन हे लोकर गिरणीवाल्या क्वेकर (एक ख्रिस्ती पंथ) घरातले. तरुणपणी हॅटचा धंदा केला, पुढे निळीच्या सट्ट्यात हात पोळले. धान्यावरच्या आयात कराविरुद्धच्या चळवळीत उतरले आणि १८४३ मध्ये ‘इकॉनॉमिस्ट’ साप्ताहिक काढलं. १८५३ मध्ये त्यांनी चार्टर्ड बँक काढली. आज आपण जिला स्टँडर्ड चार्टर्ड म्हणतो तिचं एक मूळ तिथलं. १८५७ चा उठाव मोडण्यात हिंदुस्थान सरकारची तिजोरी रिकामी झाली होती. ती सावरण्यासाठी यांना व्हाइसरॉयच्या कौन्सिलात अर्थसदस्य नेमलं आणि १८५९ च्या नोव्हेंबरअखेर ते कलकत्त्यात दाखल झाले.

मग १८६० चा अर्थसंकल्प आणि त्यातला प्राप्तिकर. वर्षाला दोनशे रुपयांहून कमी मिळवणाऱ्याला माफ. दोनशे ते पाचशेला शेकडा दोन, त्यापुढे शेकडा चार. म्हणजे वर्षाकाठी सहाशे रुपये मिळवणाऱ्या कारकुनाचे चोवीस रुपये सरकारजमा. विरोध घरातूनच झाला. मद्रासचे गव्हर्नर चार्ल्स ट्रेव्हेलियन यांनी आपला निषेध थेट वर्तमानपत्रांत छापून आणला आणि त्यापायी त्यांना परत बोलावण्यात आलं. गंमत पुढेच आहे. तेच ट्रेव्हेलियन नंतर अर्थसदस्य होऊन परतले, आणि हा कर पुढे न चालवण्याचा १८६५ चा निर्णय झाला तो त्यांच्याच कारकिर्दीत. जेम्स विल्सन हे पाहायला नव्हते. कलकत्त्याचा उन्हाळा त्यांनी काम न सोडता काढला आणि ११ ऑगस्ट १८६० रोजी ते आमांशाने गेले. हिंदुस्थानात येऊन नऊ महिनेही झाले नव्हते.

तिसऱ्या विल्सनचं नाव आपल्या लेखात नाही, पण संस्कृतच्या वर्तुळात ‘विल्सन’ म्हटलं की हेच. होरेस हेमन विल्सन १८०८ मध्ये कंपनीचे डॉक्टर म्हणून कलकत्त्याला आले आणि चिकटले टांकसाळीत, सोन्याचांदीचा कस पाहायला. फावल्या वेळात संस्कृत शिकून १८१३ मध्ये मेघदूताचं इंग्रजी भाषांतर केलं, १८१९ मध्ये संस्कृत-इंग्रजी कोश. नाटकांत कामंही करायचे. सतीबंदीचा कायदा करू नये असा सल्ला त्यांनी गव्हर्नर जनरल बेंटिंकला दिला होता. एवढ्या विद्वान माणसाचं हे मत मला कधीच पचलं नाही. १८३२ मध्ये ऑक्सफर्डच्या संस्कृत अध्यासनाची निवडणूक त्यांनी २०७ विरुद्ध २०० मतांनी जिंकली. या अध्यासनासाठी देणगी देणाऱ्या बोडेन यांचा हेतू धर्मप्रसाराला हातभार लागावा हा होता, आणि तिथे बसले हे, ज्यांना मिशनऱ्यांपेक्षा कालिदास जवळचा! तेही १८६० मध्येच वारले, जेम्स यांच्या तीन महिने आधी.

आणखीही विल्सन आहेत. कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन होते, ज्यांनी सेंट पॉल कॅथीड्रल उभारलं. गढवालमधल्या हर्सिलचे फ्रेडरिक विल्सन होते, जे देवदाराचे ओंडके भागीरथीत सोडून मैदानात विकत. त्यांच्याबद्दलच्या निम्म्या कथा मीठमसाल्याच्या आहेत, तेव्हा छापताना बेतानं. भंडारदऱ्याच्या विल्सन धरणाशी मात्र यांपैकी कुणाचाही संबंध नाही. ते नाव १९२० च्या दशकातले मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांचं. कॉलेजवाले विल्सन वारले त्यानंतरच्या वर्षी ते जन्मले.

दुरुस्तीची चौकट आपण छापालच. एक विनंती: इंग्रज अमदानीतल्या माणसांचा उल्लेख पहिल्यांदा येईल तिथे पूर्ण नाव आणि जन्म-मृत्यूची सालं द्यावीत. आपण दोन जोशी किंवा दोन कुलकर्णी एक करत नाही, मग साहेबालाच ही सवलत का? आणि पुढच्या प्राप्तिकर दिनाला, २४ जुलैला, जेम्स यांचं चित्र मिळालं नाही, तर कोलकात्याच्या मल्लिक बाजारातल्या दफनभूमीत त्यांची कबर आहे. विस्मृतीत गेलेली ती कबर २००७ मध्ये प्राप्तिकर खात्यातल्याच एका अधिकाऱ्याने शोधून काढली. तिचा फोटो चालेल.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त ग्रंथपाल, डोंबिवली