ढगात पाणी किती, हे नाशिकच्या बागायतदारालाही कळू द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

निफाड तालुक्यात माझी तीन एकर द्राक्षबाग आहे. गेल्या हंगामात बाग फुलोऱ्यात असताना संध्याकाळी आभाळ भरून आलं. मोबाइलवर संदेश होता, 'ढगाळ हवामान, तुरळक पाऊस'. रात्री अकराला फवारणीचा ब्लोअर काढला, पानांवर येणाऱ्या डाऊनी रोगाचं औषध मारलं. पहाटे सर आली आणि सगळं धुऊन गेलं. आठवड्याने पान उलटून पाहिलं, तर खाली पांढरी लव.

त्यानंतर पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत विज्ञान दिनाला गेलो होतो. गच्चीवर पेटीएवढं यंत्र होतं, मायक्रोवेव्ह रेडिओमीटर. ते स्वतः लहरी सोडत नाही. हवेतली वाफ आणि ढगातले थेंब ज्या अतिशय क्षीण लहरी सोडतात, त्या फक्त टिपतं. वाफेची खूण २२ गिगाहर्ट्झच्या जरा वर ठळक उमटते, तर ढगातलं पाणी ३० च्या आसपास जास्त जाणवतं. दोन्ही आकडे एकत्र सोडवले की वाफ किती आणि पाणी किती, हे वेगवेगळं हाती येतं. आम्ही उभे असतानाच डोक्यावरून एक ढग गेला. पडद्यावर पाण्याची रेघ वर चढली, वाफेची मात्र जवळपास तशीच राहिली. हे मी डोळ्यांनी पाहिलं.

आपल्या देशाला हे तंत्र नवं नाही. १९७९ च्या भास्कर-१ उपग्रहावर असाच रेडिओमीटर होता. पण उपग्रहाचं हे मोजमाप समुद्रावर चांगलं जमतं. जमीन स्वतःच इतक्या लहरी सोडते की वरून पाहताना ढगातलं पाणी त्यात हरवतं. हवामान मोजायला आकाशात फुगे सोडतात ते साधारण दिवसातून दोनदा. मधल्या तासांत वाफ कशी वाढत गेली, हे जमिनीवरचं यंत्र दर काही मिनिटांनी सांगू शकतं. जोराच्या पावसात यंत्राचं वरचं आवरण भिजलं की त्याचे आकडे बिघडतात आणि एकट्याच्या जोरावर ते अंदाजही देत नाही, हे मान्य. पण आम्हाला निर्णय घ्यायचा असतो तो पावसाच्या आधी.

निफाड-दिंडोरी-चांदवड पट्ट्यात असं एक तरी यंत्र बसवावं, आणि छाटणीपासून काढणीपर्यंत वाफ व ढगातलं पाणी हे दोन आकडे रोज संध्याकाळी मराठीत जाहीर करावेत, ही शासनाला कळकळीची विनंती.

आपला,
एक द्राक्ष बागायतदार,
ता. निफाड, जि. नाशिक