चिमी 'करलं' म्हणाली

कोथरूड, पुणे
रविवार, सकाळ

प्रिय सुध्या,

तुझ्या पत्राला पाच महिने उत्तर दिलं नाही. माफ कर. गुडघे आहेत तसेच, शुगर ताब्यात आहे.

परवा चिमीनं दुधाचा पेला स्वतः ओट्यावर नेऊन ठेवला आणि ओरडली, "आजोबा, मी करलं!" सूनबाई म्हणाली, "केलं म्हण." मी मात्र ताडकन उठलो. करलं! आमच्या घरात कोणी असं म्हणत नाही. दुसऱ्या कुणाला सांगितलं असतं तर 'बोबडे बोल' म्हणून हसले असते. म्हणून तुला लिहितोय.

बंडगार्डनच्या पुलावर सायकली हातात धरून भांडायचो, ते आठव. भाषाशास्त्रज्ञ चॉम्स्कीनं मानसशास्त्रज्ञ स्किनरच्या भाषेवरच्या पुस्तकावर १९५९ साली लिहिलेलं परीक्षण तू झोळीत घालून फिरायचास. पोर मुळात भाषेची घडण घेऊनच येतं, हे तुझं. कानावर पडतं त्यातूनच सगळं, हे माझं. त्या दिवशी तू तणतणत गेलास, तुझ्या चहाचे पैसे अजून येणं आहेत.

पुढे सॅफ्रन, ॲस्लिन आणि न्यूपोर्ट यांचा १९९६चा प्रयोग वाचून मी तुला फोन केला होता. आठ महिन्यांची बाळं. तीन-तीन अक्षरांचे निरर्थक शब्द, मध्ये कुठेही न थांबता, फक्त दोन मिनिटं ऐकवलेले. शब्दाच्या आत पुढचं अक्षर ठरलेलं. शब्द संपला की पुढे उरलेल्या तीन शब्दांपैकी कुठलाही. एवढ्यावरून बाळांना शब्द कुठे तुटतो ते कळलं! तू शांतपणे म्हणालास, "शब्द तोडता आले म्हणजे व्याकरण आलं का?" मी फोन आपटला. आज सांगतो, प्रश्न रास्त होता.

कारण गंमत बघ. दिवाळीत चिमी 'केलं' अगदी बरोबर म्हणायची. मग पडलं, सांडलं, बसलं असं दिवसभर ऐकून तिला साचा सापडला आणि तिनं पाठ असलेलं 'केलं' मोडून 'करलं' घडवलं. साचा कानांनी दिला, हे मी सोडणार नाही. पण तो न ऐकलेल्या शब्दाला लावून बघायची ओढ कुठून आली? रात्रभर तेच डोक्यात.

खरी काळजी पुढेच आहे. मुलगा-सून रात्री येतात. सांभाळणारी बाई जीव लावते, पण हिंदीतून. उरलेला वेळ मोबाइलवरची इंग्रजी गाणी. मराठी माझ्याकडून, तीही दोनेक तास. पॅट्रिशिया कूल यांनी २००३ साली दाखवलं होतं की नऊ महिन्यांची अमेरिकन बाळं समोर बसून खेळवणाऱ्या माणसाकडून चिनी भाषेचे ध्वनी टिपतात, तेच पडद्यावरून ऐकवलं तर टिपत नाहीत. म्हणजे माणूसच हवा. ती अजून 'घोडाला', 'पाणीला' म्हणते. 'घोड्याला', 'पाण्याला' शेकडो वेळा कोण ऐकवणार? माझं म्हणणं खरं असेल तर माझे दोन तास पुरायचे नाहीत. सुध्या, आयुष्यात पहिल्यांदा वाटतंय, तूच बरोबर असावास.

तुझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं का? वहिनींना नमस्कार. धाकट्याचं लग्न ठरलं ते ऐकलं, फार बरं वाटलं.

पुण्याला ये. चांगला आठवडाभर राहा आणि चिमीशी बोल. तुझं सांगलीकडचं बोलणंही तिच्या कानावर पडू दे.

तुझा,
बाळ्या