बंदरे मंत्र्यांना खुले पत्र: रेवस-मोऱ्याची लाँच ही सार्वजनिक वाहतूकच आहे

मा. मंत्री, बंदरे विभाग,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

स. न. वि. वि.

मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून अलिबागकडच्या रेवसला आणि उरणजवळच्या मोऱ्याला जाणाऱ्या लाँचबद्दल हे पत्र आहे. मांडव्याच्या रो-रो बोटीबद्दल आपल्याकडे बोलणारे पुष्कळ असतील. ती 2020च्या मार्चमध्ये सुरू झाली, गाडी घेऊन जाणाऱ्यांची चांगली सोय झाली, त्याबद्दल तक्रार नाही. पण टोपली, पिशवी आणि लेकरू घेऊन जाणाऱ्या माणसाची लाँच वेगळी. तिच्यासाठी सरकारदरबारी कोण बोलतो, ते आम्हाला अजून दिसलेले नाही.

मुंबई हे बेट आहे याचा विसर उपनगरांतून लोकलने येणाऱ्याला पडतो. उरण-अलिबागकराला तो कधी पडला नाही. आमची माणसे पिढ्यान् पिढ्या पाण्यावरूनच मुंबईला कामाला गेली. गिरण्यांत, गोदीत, बाजारात जी रायगडची माणसे होती, त्यांतली कितीतरी याच वाटेने आली.

आणि ही वाट सरकारने नव्हे, लोकांनी बांधली. मुंबईत उतरणाऱ्या कोकणच्या प्रवाशाला चिखल तुडवत किनारा गाठावा लागे, तेव्हा लक्ष्मण हरिश्चंद्रजी उर्फ भाऊ अजिंक्य या पाठारे प्रभू गृहस्थांनी पुढाकार घेऊन धक्का बांधला. साल 1841. पुढे आगबोटी आल्या. गोऱ्यांच्या कंपनीची मिजास नको म्हणून स्वदेशीच्या काळात आपल्या लोकांनी इंडियन को-ऑपरेटिव्ह स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली. ते लांबलचक नाव कोणाच्या तोंडी बसले नाही. कोकणात तिला ‘माझी आगबोट कंपनी’ म्हणत. बोटींना नावे दिली तुकाराम, रामदास. संतांच्या नावाच्या बोटीत पाय ठेवताना लोकांना धीर वाटत असणार.

मंत्रिमहोदय, यापुढचा इतिहास आपल्या विभागातल्या प्रत्येक अधिकाऱ्याला पाठ असायला हवा. 11 नोव्हेंबर 1927 रोजी याच कंपनीच्या ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या दोन्ही बोटी एकाच दिवशी बुडाल्या. त्यानंतर वीस वर्षे गेली. 17 जुलै 1947ला, स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता तेव्हा, आषाढी अमावास्येच्या सकाळी आठच्या सुमारास ‘रामदास’ भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. सणाला घरी चाललेले सातशेच्या आसपास लोक बोटीत होते. काशाच्या खडकाजवळ लाटांनी बोट कलंडली. पावसापासून आडोसा म्हणून बाजूंना बांधलेल्या ताडपत्रीत माणसे अडकली, असे वाचलेल्यांनी सांगितले. सहाशेहून अधिक माणसे गेली. धक्क्यापासून काही मैलांवर एवढे घडले आणि मुंबईला कित्येक तास त्याचा पत्ता नव्हता. पोहून किनाऱ्याला लागलेल्या माणसांनी सांगितले तेव्हा शहराला कळले. बुडणाऱ्यांतले काही वाचले ते रेवसच्या बाजूच्या कोळ्यांनी होड्यांतली मासळी बाजूला सारून माणसे वर ओढली म्हणून. अलिबाग तालुक्यातल्या कित्येक घरांत त्या तारखेची श्राद्धे पुढे वर्षानुवर्षे झाली.

हे सगळे उगाळण्याचे कारण 18 डिसेंबर 2024. गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’वर नौदलाची स्पीडबोट आदळली आणि 15 जणांचा जीव गेला. धडक ही त्या लाँचची चूक नव्हती, हे खरेच. पण परवानगीपेक्षा जास्त माणसे तिच्यावर होती, हेही चौकशीत पुढे आले. त्यानंतर लाइफ जॅकेटची सक्ती झाली, काही दिवस धक्क्यांवर तपासणीही झाली. 1927नंतरही असेच काहीतरी झाले असेल, आणि तरी 1947 घडले. म्हणून माणसे मोजण्याचे काम बातमी ताजी असेपर्यंत करून चालणार नाही, ते प्रत्येक फेरीला झाले पाहिजे. लाँचवर किती माणसांना परवानगी आहे, तो आकडा चढण्याच्या जागी मराठीत, लांबून वाचता येईल असा रंगवलेला असावा. धक्क्यावर मोजायला माणूस हवा, आणि तो लाँचमालकाचा नसावा, सरकारच्या सागरी मंडळाचा असावा.

दुसरी गोष्ट गाळाची. मोऱ्याला अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाच्या ओहोटीला पाणी इतके खाली जाते की लाँच लागतच नाही आणि फेऱ्या काही तास बंद ठेवाव्या लागतात. रेवसची खाडीही गाळाने उथळ होत चालली आहे. लाँच लागली तरी पायऱ्या शेवाळलेल्या असतात. खलाशी मनगट धरून एकेकाला वर घेतो. म्हातारी बाई आधी टोपली वर देते, मग स्वतः चढते, आणि मागची रांग न बोलता थांबते. भाऊ अजिंक्यांनी 1841 मध्ये ज्या चिखलातून माणसांना सोडवले, तोच चिखल पलीकडच्या काठावर अजून आहे. गाळ काढण्याची कामे निघतात, पण एकदा काढलेला गाळ दोन-तीन पावसाळ्यांत परत भरतो हे तिथला कुठलाही तांडेल, म्हणजे होडी चालवणारा म्होरक्या, सांगेल. म्हणून दरवर्षी, पावसाळा सरला की, ठरल्या तारखेला गाळ काढण्याची कायमची तरतूद हवी. एकवेळच्या निविदेने हा प्रश्न सुटत नाही.

आता अटल सेतू झाला, उरणला लोकल आली, दोन्ही 12 जानेवारी 2024 पासून. रेवस-करंजा पुलाची वाट लोक मुख्यमंत्री अंतुले साहेबांच्या काळापासून बघत आहेत, तोही होईल. मग लाँच कशाला, असा प्रश्न आपल्या टेबलावर कधी ना कधी येणारच. त्यावर निर्णय घेण्याआधी एवढे बघा: सेतूवर मोटारीला एका फेरीचे 250 रुपये पडतात, दुचाकीला आणि रिक्षाला तर मज्जावच आहे. मसजिद बंदर, माझगाव, डोंगरी या भागांत पोटापाण्याचे काम असलेल्या माणसाला धक्क्यावर उतरून चालत जाता येते. लोकलने वळसा घालून त्याचा दिवस लहान होतो. शिवाय मांडव्याच्या गेटवेकडच्या बोटी पावसाळ्यात बंद होतात, तेव्हा भाऊच्या धक्क्याची लाँच हवामानाने परवानगी दिली की चालूच असते.

एसटीच्या तोट्यातल्या फेरीला सरकार सार्वजनिक वाहतूक समजून सांभाळते, विद्यार्थ्यांना पास देते, ज्येष्ठांना आणि महिलांना सवलत देते. याच सवलती या लाँचलाही लागू कराव्यात आणि त्याची भरपाई मालकांना शासनाने द्यावी, ही आमची मुख्य मागणी आहे.

आणखी एक. भाऊच्या धक्क्यावर आणि रेवस बंदरावर, रोजच्या प्रवाशाच्या नजरेस पडेल अशा जागी, ‘रामदास’वरच्या मृतांची जेवढी नावे मिळतील तेवढी कोरून लावावीत. पूर्वीच्या कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यातल्या जुन्या नोंदी, ग्रामपंचायती आणि घरोघरची माणसे यांच्याकडून ती अजून गोळा करता येतील. आणखी दहा वर्षांनी सांगणारेही राहणार नाहीत.

या पत्राचे उत्तर लेखी मिळावे आणि त्याची प्रत रेवस, मोरा आणि भाऊचा धक्का या तिन्ही ठिकाणच्या तिकीटघरांवर लावण्याचे आदेश द्यावेत, ही विनंती.

आपला,
रेवसच्या लाँचचा एक नेहमीचा प्रवासी